पॉझिटिव्ह रिपोर्ट आणि ओटीचा नारळ

"युरिन टेस्ट पॉझिटिव्ह आहे," अमळनेरच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि माझ्या शेजारी बसलेल्या सासूबाईंनी तिथेच हात जोडले. गेल्याच पंधरवड्यात या दवाखान्यात माझं मूल गेलं होतं. वाढ थांबली म्हणून इंजेक्शनं देऊन पोट मोकळं केलं होतं.

डॉक्टरीणबाईंनी समजावलं, "या टेस्टला एचसीजी दिसतं, म्हणजे गर्भामुळे रक्तात आणि लघवीत येणारं हार्मोन. गर्भ गेल्यावरही ते काही आठवडे राहतं. पण तुमचा रक्तस्राव थांबत नाही, म्हणजे आत काही उरलं असेल. या गोळ्या चालू करा आणि धुळ्याला सोनोग्राफी करून या."

ऐकतंय कोण! घरी येताच सासूबाईंनी माझी ओटी भरली. "पोर पोटमाच शे! डॉक्टरीण चुकनी. आते गोया बंद."

खरं सांगते, क्षणभर मलाही वाटलं, असेल का? बायांनो, त्या आशेइतकं छळणारं दुसरं काही नसतं.

अंगावरून जाणं चालूच होतं. त्यात ताप भरला. नवरा म्हणाला, "आठवडाभर थांबू. आईचं मन नको मोडायला."

माझं डोकंच फिरलं. "तुम्ही आईचं मन सांभाळा, मी माझा जीव सांभाळते," म्हटलं आणि पिशवी उचलली. एसटी स्टँडवर पोचते तर हे धापा टाकत मागे. धुळ्याची दोन्ही तिकिटं त्यांनीच काढली.

तिथल्या डॉक्टरांनी सोनोग्राफी करून सांगितलं, "बाळ नाही. इनकम्प्लीट अबॉर्शन आहे, म्हणजे गर्भपात अर्धवट झालाय. इन्फेक्शनही झालंय. अजून थांबला असता तर जिवावर बेतलं असतं." लगेच क्युरेटिंग केलं, म्हणजे उरलेलं काढून गर्भाशय साफ केलं. शुद्धीवर आल्यावर मी पोटभर रडले. मला ते मूल हवंच होतं हो.

पुढच्या महिन्यात टेस्ट निगेटिव्ह आली. ओटीचा नारळ देव्हाऱ्यापाशी तसाच होता. सासूबाईंच्या डोळ्यांदेखत मी तो फोडला, खवला, वड्या थापल्या आणि गल्लीत वाटायला निघाले.

समोरच्या काकूंनी हसून विचारलं, "कितवा महिना गं?"

"महिनाबिहिना नाही काकू. मी जगले, त्याच्या वड्या आहेत."

काकूंचा हात ताटावरच थांबला. तेवढ्यात सासूबाई मागून आल्या. एक वडी उचलून त्यांनी काकूंच्या हातावर ठेवली.

"खा, खा," त्या म्हणाल्या, "मनी सून वाचनी."