जेवून या

ऊलेद जाबेर या बेटावरच्या गावात लग्नाची तारीख ठरवायची असली की वरपक्षाचे लोक आधी इमामाकडे जात नाहीत, मुनजियाकडे जातात. ती त्या दिवशी मोकळी असेल तरच पुढची बोलणी होतात. लग्न असो, सुंता असो की मयताचा तिसरा दिवस, मोठे तांब्याचे पातेले चढते ते तिच्याच हाताने. हे पातेले तिला सासूकडून मिळाले. नवरा बशीर फेरीबोटीवर दोर बांधायच्या कामाला होता. साखरेच्या आजाराने तो गेला, तेव्हा मयताचे जेवणही तिने स्वतःच रांधले. दुसऱ्या कोणाचे मीठ बरोबर पडले नसते, असे ती अजूनही सांगते, आणि त्यात तिला काही विशेष वाटत नाही.

तिच्या नावलौकिकाचे मूळ मात्र हातात नव्हते, अंगणातल्या टाक्यात होते. चुना दिलेल्या गच्चीवरचे पावसाचे पाणी त्यात उतरायचे आणि वर्षभर पुरायचे. त्या पाण्यात हरभरे लोण्यासारखे शिजत. कुसकुसचा, म्हणजे गव्हाच्या रव्याचा, दाणा त्याच्या वाफेवर फुलून मोकळा होई. गावातल्या नळाच्या पाण्यावर हे होत नाही, हे बेटावरच्या प्रत्येक बाईला ठाऊक आहे.

मुनजियाचे घर खालच्या आळीचे शेवटचे. त्यापुढे मिठागराची सपाट जमीन आणि मग समुद्र. पूर्वी समुद्र तिथेच थांबायचा. अलीकडच्या हिवाळ्यांत भरती आणि वारा एकाच दिवशी आले की पाणी मिठागर ओलांडून गल्लीत येऊ लागले. गल्लीतले पाणी झाडूने लोटता येते. जमिनीखालून टाक्यात झिरपलेल्या पाण्याला काही इलाज नव्हता. रोज सकाळी ती बादलीत बोट बुडवून जिभेला लावायची. चहाला पाणी अजून चालत होते. हरभऱ्यांना चालत नव्हते. रात्रभर भिजवून दुपारपर्यंत शिजवले तरी ते दाताखाली कचकन लागत.

अशा दिवसांत नगरपालिकेच्या फळ्यावर एक नकाशा लागला. प्रदेशाचा हवामान कृती आराखडा तयार होत होता, त्याचा हा कच्चा नकाशा. बंदरापासून मशिदीपर्यंत किनाऱ्याला दगडी बांध दाखवला होता. मशिदीच्या पुढे बांध नव्हता. खालची आळी फिकट पिवळ्या रंगात होती.

"पिवळं म्हणजे काय रे, लामीन?" मुनजियाने विचारले. लामीन हा नगरपालिकेतला कारकून.

"पिवळं म्हणजे तिथं समुद्राच्या कलानं घ्यायचं, मावशी."

"समुद्राच्या कलानं म्हणजे आम्ही उठायचं?"

"आज नाही. हळूहळू." लामीन नजर चुकवत म्हणाला. "लोकांचं म्हणणं ऐकायला शहरातून सरकारच्या ओल्फाबाई येणार आहेत. हरकत असेल ती त्यांच्यासमोर सांगायची. कोणी काही बोललं नाही, तर नकाशा आहे तसा पुढे जाईल."

त्याच संध्याकाळी खालची आळी मुनजियाच्या अंगणात जमली. बोलायचे कोणी, यावर वाद झाला नाही. खमीसने बोलायचे. खमीस मासेमार. उथळ समुद्रात खजुराच्या झावळ्यांचे कुंपण रोवून मासे अडवायचे, हा त्याच्या घराण्याचा धंदा, आणि त्याची जीभ त्या झावळ्यांपेक्षा टोकदार. फेरीबोटीच्या कप्तानाला त्याने एकदा भर धक्क्यावर माफी मागायला लावली होती.

"बांध शेवटच्या घरापर्यंत न्या, एवढंच सांगायचं," मुनजिया म्हणाली. "माझं टाकं गेलं तर माझा धंदा गेला. धंदा गेला तर मी लेकीकडे शहरात जाऊन चौथ्या मजल्यावर बसायचं."

"सांगतो की. असं सांगतो की बाईला बोटीत बसेपर्यंत ऐकू येत राहील."

दोन दिवसांनी लामीन पुन्हा आला. पाहुण्यांच्या जेवणाचे काम नगरपालिकेने मुनजियालाच दिले होते. बैठक आधी की जेवण आधी, असे त्याने विचारले. मुनजियाला हा प्रश्नच चमत्कारिक वाटला. माणसे पहाटेची बोट धरून येणार, त्यांना रिकाम्या पोटी खुर्चीवर बसवायचे? शिवाय तिने मनाशी हिशेबही केला होता. पोट भरलेला माणूस शांतपणे ऐकतो.

बैठकीच्या दिवशी तिने मशिदीमागच्या सुआदकडून गोडे पाणी आणले आणि वाळवलेल्या ऑक्टोपसचे कुसकुस केले. शाळेच्या पटांगणात चटया अंथरल्या. ओल्फा तिशीची, चष्मा लावणारी, नम्र बाई होती. तिने खमीससमोरच्याच परातीत हात घातला. खमीसने आपल्या बाजूचा ऑक्टोपसचा मोठा तुकडा तिच्याकडे सरकवला. "घ्या बाई, लाजू नका. शहरात हा रबराचा मिळतो." ओल्फा हसली. सगळे हसले. दुसऱ्यांदा वाढून झाले, मग पुदिन्याचा चहा झाला.

त्यानंतर ओल्फाने नकाशा भिंतीला लावला, सगळे नीट समजावून सांगितले आणि विचारले, "कोणाची काही हरकत?"

एका परातीत जेवलेल्या पाहुण्याला तो उंबऱ्याबाहेर पडेपर्यंत तक्रार ऐकवायची नाही, हे त्या गावात कोणी कोणाला शिकवत नाही. ते आईच्या दुधाबरोबर येते. खमीस उठला. त्याने घसा साफ केला. आळीतली सगळी माणसे त्याच्याकडे पाहू लागली.

"अल्लाची कृपा आहे," तो म्हणाला. "बाई एवढ्या लांबून आल्या, आमच्यात बसून जेवल्या. आमचं काही म्हणणं नाही." आणि तो खाली बसला.

ओल्फाने मुनजियाकडे पाहिले. ती पळी हातात घेऊन पातेल्याशेजारी उभी होती. "मावशी, तुमचं घर त्या पिवळ्या भागातच आहे ना? तुम्हाला काही सांगायचंय?"

मुनजियाने तोंड उघडले. तिच्यासमोर पाहुणी होती, आणि पाहुणीच्या हातातला चहाचा पेला रिकामा होता.

"आणखी थोडा चहा देऊ?" ती म्हणाली.

ओल्फाने कागदावर नोंद केली, सगळ्यांचे आभार मानले आणि दुपारची बोट धरली.

बोट धक्का सोडते न सोडते तोच आळीत भांडण पेटले. "आमचं काही म्हणणं नाही!" खमीसची बायको झोहरा त्याची नक्कल करत म्हणाली. "कप्तानाला रडवणारा वाघ. एका तंगडीवर विकला गेला."

"ऑक्टोपसला तंगडी नसते," खमीस म्हणाला. "आणि दोष मला का? मुनजियानं वाढलं, मी खाल्लं. खाल्ल्यावर बोलायला तोंड कुठून आणू? तूच सांग, मुनजिया. तू तरी बोललीस का?"

मुनजिया घरी गेली, तिने पातेले राखेने घासले, उलटे करून ठेवले. चूक खमीसची नव्हती. स्वयंपाक चुकला नव्हता, त्याची वेळ चुकली होती, आणि वेळ तिने ठरवली होती.

दुसऱ्या दिवशी ती नगरपालिकेत गेली. हरकतींची मुदत महिनाअखेरपर्यंत होती, आणि ओल्फा पुढच्या आठवड्यात शेजारच्या गावी येणारच होती. लामीनने फोन लावून तिच्या हातात दिला.

"ओल्फाबाई, ऊलेद जाबेरची मुनजिया बोलतेय. त्या दिवशी आम्ही बोललो नाही, पण बोलायचं होतं. परत याल का?"

ओल्फा येईन म्हणाली.

"आणि एक विनंती आहे." मुनजियाने फोन दुसऱ्या कानाला लावला. "येताना जेवून या."

समोर बसलेल्या लामीनने पेन खाली ठेवले. पाहुण्याला जेवून ये म्हणणे म्हणजे त्या बेटावर तोंडावर दार लावणे. असे शब्द तो जन्मात पहिल्यांदा ऐकत होता.

पलीकडून ओल्फाने विचारले, "मावशी, माझं काही चुकलं का?"

"तुझं नाही, पोरी. तू आमच्यात जेवलीस की आमची वाचा जाते."

दुसरी बैठक शाळेच्या वर्गात झाली. चटया नव्हत्या, चहा नव्हता, पाण्याचा तांब्यासुद्धा नव्हता. मुनजिया स्वतः दारात उभी होती. झोहरा सवयीने पदराखाली जवाची भाकरी घेऊन आली, ती मुनजियाने काढून घेतली. "हे नंतर."

"पाहुणीसमोर लाज काढतेस," झोहरा पुटपुटली.

"आज तिला पाहुणी म्हणायचं नाही. आज ती सरकार आहे."

सुरुवातीला लोक अवघडून बसले. हात कुठे ठेवावेत ते कोणाला समजेना. मग मागच्या बाकावरून कोणीतरी फेरीबोट उशिरा सुटते म्हणाले. हवामानाच्या आराखड्यात बोटीचे वेळापत्रक येत नाही, असे ओल्फाने सांगितले, पण लिहून घेतले. तेवढ्याने बांध फुटला. मिठाने मेलेले खजूर, झावळ्या महाग झाल्यामुळे उघडी पडलेली कुंपणे, कबरस्तानाच्या भिंतीला लागलेली ओल, असे सगळे बाहेर आले. त्यात मोबाइलच्या मनोऱ्याविरुद्धची एक तक्रारही होती. खमीस तर असा सुटला की लामीनला दोनदा त्याचा सदरा ओढावा लागला. "ज्यानं हे पिवळं फासलं त्याला माझ्या होडीत बसवा," तो म्हणत होता. "भरतीला आळीत आणतो आणि कुठवर पिवळं आहे ते दाखवतो."

"ते मीच फासलंय, खमीसकाका," ओल्फा म्हणाली.

"मग तुम्ही बसा," खमीस म्हणाला, आणि पुढे बोलू लागला.

शेवटी मुनजिया बोलली. तिने हरभऱ्यांचे सांगितले, टाक्याचे सांगितले आणि बांध शेवटच्या घरापर्यंत न्या म्हणाली. तिचे बोलणे सगळ्यांत लहान होते. ओल्फाने ते वाचून दाखवले आणि खाली तिचा अंगठा घेतला.

"लिहून झालं?" मुनजियाने विचारले.

"झालं."

"यात आता बदल होणार नाही?"

"नाही."

"मग चल. बोटीला वेळ आहे."

पातेले सुआदच्या चुलीवर सकाळपासून चढलेले होते. वास वर्गात येऊ नये म्हणून वाऱ्याची दिशा पाहून तिने चूल निवडली होती. ओल्फा खरोखर जेवून आली होती. तरी ती बसली, आणि खमीसने काही झालेच नाही अशा चेहऱ्याने मोठा तुकडा तिच्याकडे सरकवला.

अंतिम नकाशा उन्हाळ्याच्या तोंडाशी लागला. पिवळा रंग नव्हता. बांध मशिदीपुढे खालच्या आळीच्या शेवटच्या घरापर्यंत गेला होता, पण तुटक रेघेने.

"तुटक म्हणजे?" मुनजियाने विचारले.

"तुटक म्हणजे मंजूर आहे, निधी आला की बांधायचा," लामीन म्हणाला.

तिने मान हलवली. सकाळी बोट बुडवून पाणी चाखायचे तिने सोडलेले नाही. लग्नाच्या हरभऱ्यांसाठी ती सुआदकडून पाणी आणते आणि बदल्यात तिची परात भरून देते. गावातल्या बैठका तेव्हापासून जेवणाआधी होतात. भाषणे पूर्वीपेक्षा लहान असतात.

या हिवाळ्यात लामीन पुन्हा तिच्या दारात आला. बांधाच्या कामासाठी ओल्फा येणार होती आणि तिने मुद्दाम विचारायला सांगितले होते, जेवून येऊ की उपाशी?

मुनजिया टाक्याच्या काठावर बसून हरभरे निवडत होती.

"दगड घेऊन येणार असेल तर उपाशी ये म्हणावं," ती म्हणाली. "नुसतं बोलायला येणार असेल तर जेवून."