समुद्र आमच्या स्वयंपाकघरात येतो

पालघरच्या कॉलेजात अकरावीला होतो, तेव्हा एका योजनेत निवड होऊन दहा महिने अमेरिकेत शिकायला गेलो. त्या दहा महिन्यांत मी आमच्या गावचा, केळव्याचा समुद्र जितका वाढवला, तितका तो कुठल्याही उधाणाला वाढला नसेल.

चूक त्यांची. ज्यांच्या घरी मला ठेवलं होतं ते काका-काकू मक्याचे शेतकरी. समुद्र दोघांनीही पाहिलेला नाही. चारी बाजूंना मका, मक्यापलीकडे मका. तो कापून नेल्यावर नुसता बर्फ, सपाट, ओहोटीच्या वाळूसारखा. अशा ठिकाणी संध्याकाळी जेवताना कुणी विचारलं, की तुमचा समुद्र कसा असतो, तर खरं सांगून कसं भागेल? पहिल्या आठवड्यात पापलेट ताटाएवढं होतं. दिवाळीपर्यंत ते दाराच्या फळीएवढं झालं. मग समुद्र आमच्या सुपारीच्या वाडीत शिरला, आणि नाताळाच्या सुमारास थेट स्वयंपाकघरात. येतो, खरकटी भांडी घेऊन जातो, पुढच्या भरतीला घासून आणून देतो.

काकू गालाला हात लावून ऐकायच्या. काका ताटात बघत जेवत राहायचे. आणि सांगता सांगता माझ्याच पायांना कोमट पाणी लागायचं. झोपेत पातेली तरंगत जाताना दिसायची. खरं केळवं कसं होतं, ते मलाच नीट आठवेनासं झालं.

एका रविवारी संध्याकाळी आम्ही नुकते जेवलो होतो, तेवढ्यात बाबांचा व्हिडिओ कॉल आला. तिकडे सोमवारची सकाळ. बाबा वाडीत उभे, मागे पोफळी, त्यांच्यावर कोवळं ऊन. काकांनी पहिल्यांदाच फोनकडे तोंड केलं.

"त्यांना विचार, समुद्र खरंच भांडी घासतो का?"

अजून चार महिने याच टेबलाशी जेवायचं होतं, तेही खोटारडा ठरून. बाबांना इंग्रजी येत नाही, दुभाषा मीच, एवढाच आधार. पण बाबा हसले असते, तर त्या हसण्याचं काय भाषांतर करणार?

"काय म्हणतात ते?" बाबांनी विचारलं.

"समुद्र आपल्या स्वयंपाकघरात येतो काय, विचारतात. मी जरा वाढवून सांगितलंय. हसू नका, बाबा."

बाबा हसले नाहीत. त्यांनी वळून किनाऱ्याच्या दिशेला पाहिलं आणि फोन तोंडाजवळ घेतला.

"येतो म्हणून सांग. दिवसातून दोनदा येतो. तुझी आई ताटं मांडते तिथपर्यंत येतो, नि तुझं ताट रिकामं बघून मागं जातो. त्याला बोलवायला लागत नाय. तू तेवढा ये."

स्क्रीनवरच्या पोफळी एकदम ओल्या दिसायला लागल्या.

"काय म्हणाले?" काका.

"हो म्हणाले."

"एवढं बोलले, ते नुसतं हो?"

"मराठीत हो लांब असतं," मी म्हणालो.

त्या दिवशी भांडी घासायची पाळी माझी होती. काका उठले, माझ्यासमोरचं खरकटं ताट उचलून नळाशी गेले, आणि घासून, ओलंच, परत माझ्यासमोर आणून ठेवलं.