पट्टा उतरवून घेतलेली जबानी

एवढी वर्षे झाली, तरी तो प्रसंग मनातून गेलेला नाही. पन्नासच्या दशकाच्या अखेरीस मी चांद्याजवळच्या एका ठाण्यात ठाणेदार होतो. दारूबंदी आमच्याकडे नवीनच होती. एका सकाळी खबऱ्याने बातमी आणली, की एका गावाजवळ नाल्याकाठी मोहाच्या दारूची भट्टी लागली आहे, कोंबडीचे जेवणही आहे. आम्ही छापा घातला. माणसे जंगलात पांगली. हाती लागली ती मडकी आणि उष्ट्या पत्रावळी. पंचनामा करून मुद्देमाल ठाण्यात आणला.

दुपारी हवालदाराने सांगितले, की त्याच गावचा एक माणूस घशात हाड अडकून शहरातल्या इस्पितळात आला आहे. म्हटले, चला, एक तरी सापडला! मी तडक तिकडे गेलो.

डॉक्टर त्याच्या घशात लांब नळी घालून हाड काढणार होते. त्यासाठी क्लोरोफॉर्मची गुंगी द्यायची होती. पोट भरलेले असेल तर गुंगीत उलटी होते, ती फुप्फुसात जाते आणि माणूस टेबलावरच दगावतो. म्हणून ते त्याच्या बायकोला खोदून खोदून विचारत होते. ती ठाम होती. हाड काल रात्रीच्या जेवणातले, तेव्हापासून तो उपाशी, आणि दारूला तर शिवतच नाही. डॉक्टरांनी क्लोरोफॉर्मची बाटली हातात घेतली.

पण मी काही कालचा पोलीस नव्हतो. ती उत्तरे डॉक्टरांना देत होती आणि बघत होती माझ्या कमरेच्या पट्ट्याकडे. नवऱ्याच्या धोतरावर नाल्याचा चिखल अजून ओला होता. मी डॉक्टरांना थांबवले आणि तिला व्हरांड्यात नेले. खटल्याचे सोड, त्याच्या जिवाचे बघ, असे परोपरीने सांगितले. तिची नजर पट्ट्यावरून हलेना.

"तुमी पट्टा बांधून इचारून राह्यले, भाऊ. खरं कसं सांगू?"

मी पट्टा सोडून तिच्या हातात दिला. नवरा शुद्धीवर आला की परत दे, म्हणालो.

"सकाळीच खाल्लं त्यानं," ती म्हणाली. "दारूबी पेला. तुमाले पाहून घास गिळत पळाला, तवाच हाड अटकलं."

डॉक्टरांनी बाटली परत कपाटात ठेवली. पोट रिकामे होऊ दिले, दारू उतरू दिली, आणि दुसऱ्या दिवशी काम हाती घेतले. एका नर्सला फक्त नाडी आणि श्वासावर लक्ष ठेवायला बसवले.

त्या सकाळी वरिष्ठांनी मला बघून विचारले, पट्टा कुठे? मी म्हणालो, गहाण आहे, साहेब. सगळी हकीकत ऐकून ते हसले आणि म्हणाले, जा, सोडवून आण.

तिचे बोलणे मी कागदावर घेतले नाही. भट्टीवाल्याला पुढे आम्ही आमच्याच तपासातून पकडले, आणि त्याला शिक्षाही झाली. या दोन्ही गोष्टींचा मला सारखाच अभिमान आहे. समोरचा खोटे बोलत असेल तर तो कोणाला भितो हे आधी बघावे, आणि तो आपल्यालाच भीत असेल तर आपणच बाजूला व्हावे, हे मी त्या व्हरांड्यात शिकलो. पुढे कधी त्या डॉक्टरांनी गुंगी देण्याआधीच्या विचारपुशीच्या वेळी मला बाहेर थांबायला सांगितले, की मी खुशाल बाहेर जायचो.

हाड निघाले. नवऱ्याने डोळे उघडून पाणी मागितले, तेव्हा तिने पट्टा पदराने पुसून माझ्यापुढे धरला.

"घ्या भाऊ. बांधा आता. मले भेव नाई वाटत."