काकांचा मोक्ष

माझ्या काकांना मोक्ष मिळाला असं सोलापुरातली आमची अख्खी चाळ मानत होती. तो मोक्ष मी दिला होता, उजव्या हाताच्या तळव्यानं. हे मी आजवर बायकोलाही सांगितलेलं नाही.

काका गिरणीत मागावर होते. पोटी मूल नव्हतं, म्हणून वळसंगहून मला कॉलेजसाठी आणून त्यांनी आपल्याच खोलीत ठेवून घेतलं. आत्मा, पुनर्जन्म वगैरे त्यांना काहीच मान्य नव्हतं. चाळीत कीर्तन असलं की मुद्दाम पुढं बसायचे आणि बुवांना विचारायचे, "महाराज, माग बंद पडला की खडखड कुटं जाती?" आणि स्वतःच सांगायचे, "कुटं बी जात न्हाय. बंद पडती. मानसाचं बी तसंच हाय की!" मी शास्त्र शाखेचा, म्हणून त्यांचा एकुलता एक चेला.

काकू अगदी उलट. एकही वटपौर्णिमा चुकवलेली नाही. वडाला दोरा गुंडाळून आल्या की काका विचारायचे, "आता किती जन्म राह्यले माजे?"

"सात."

"आवो, येवढी वर्सं फेऱ्या मारताय, एक बी कमी न्हाय व्हय?"

काकू उलथनं दाखवायच्या.

छातीच्या दुखण्यानं काका अंथरुणाला खिळले तेव्हा त्यांनी माझ्याकडून एक वचन घेतलं. "मी गेल्यावर पीठ पसरू द्यायचं न्हाय." आमच्याकडे माणूस जिथं गेला त्या जागी पीठ पसरतात, शेजारी दिवा लावतात आणि पिठावर दुरडी पालथी घालतात. सकाळी दुरडी उचलून पाऊल कुणाचं उमटलंय ते बघायचं. चिमणीचं उमटलं तर चिमणीचा जन्म, गाईचं उमटलं तर गाईचा. दुरडीखाली गाय कशी मावते, हे काकांनी एकदा विचारलं होतं. चाळीत पिठातलं वाचणारी थोरली आजी त्यावरून महिनाभर त्यांच्याशी बोलली नव्हती.

मी वचन दिलं. काका गेले. आणि काकू चाळणी घेऊन बसल्या तेव्हा मी त्यांना अडवलं नाही. दुष्काळाचं साल, घरात रेशनवरची तांबडी परदेशी ज्वारी, मिलो. पण डब्याच्या तळाशी राखून ठेवलेली मंगळवेढ्याची पांढरी ज्वारी काकूंनी दळून आणली होती. "त्यास्नी मिलो आवडत न्हाय," म्हणाल्या. तिथं मी कसलं वचन पाळतो!

पहाटे नळाला पाणी आलं. चाळीत पाण्यापुढं मरणालाही थांबावं लागतं. दुरडीजवळ बसलेल्या बायका घागरी घेऊन धावल्या. खोलीत मी एकटा. मी दुरडी उचलली. पिठात बारीक बारीक रेघा होत्या, आणि रेघांच्या टोकाला मिशा हलवत एक झुरळ बसलं होतं.

काका झुरळ झाले असं मला क्षणभरही वाटलं नाही. पण आजी तसंच म्हणणार. आणि काकू तर रोज चपलेनं झुरळं मारायच्या. मी झुरळ झटकलं, तळव्यानं पीठ सारखं केलं आणि दुरडी पुन्हा पालथी घातली. पीठ कोरं दिसलं की मागं काही उरत नाही हे सगळ्यांना पटेल, काकांचंच खरं ठरेल, असा माझा शास्त्रीय हिशेब.

आजीनं दुरडी उचलली. खूप वेळ वाकून पाहिलं. मग एकदम हात जोडले.

"कोरं हाय गं! सुटला! जन्मच न्हाय पुन्यांदा. मोक्ष मिळाला बगा!"

काकांच्या फोटोला हार पडला. बुवा स्वतः येऊन सांगून गेले, "वरवर तसे बोलायचे, आतून फार पोचलेले होते." काका असते तर पुन्हा मेले असते.

फक्त काकू खूश नव्हत्या. "सुटले म्हनं! येकटेच! मला इचारलं तरी का?" असं फोटोला तोंडावर सुनावायच्या. आणि एकदा मला अगदी गंभीरपणे विचारलं, "फुडच्या जन्मी मी कुनाच्या घरात जायचं रं?" हळूहळू त्यांच्या ताटात अर्धी भाकरी तशीच राहू लागली. मी ती बघायचो आणि गप्प बसायचो. गप्प बसणं मला चांगलं जमतं.

शेवटी संक्रांतीला त्यांनी तीळगूळही तोंडात घातला नाही, तेव्हा मी बोललो. "काकू, पीठ कोरं नव्हतं. मी पुसलं."

मला वाटलं, आता उलथनं बसणार. पण त्यांनी एवढंच विचारलं, "पाऊल कुनाचं व्हतं?"

खरा शब्द दातांपर्यंत आला. तेवढ्यात दाराशी काढलेली त्यांची चप्पल दिसली.

"पालीचं," मी म्हणालो.

काकूंनी वर बघितलं. फोटोच्या मागून एक शेपूट डोकावत होतं.

"म्हंजे हितंच हायत व्हय!" आणि पाठीत एक सणसणीत धपका. "मुडद्या, आदी सांगायला काय झालं व्हतं? मी मोक्षाच्या नावानं उपाशी!" त्या दिवशी त्यांनी दोन भाकऱ्या खाल्ल्या.

पुढं माझं लग्न झालं. नव्या नवरीनं पालीवर झाडू उगारला तशा काकू ओरडल्या, "अगं, हात आवर! मामंजी हायत तुजे!" बायकोनं माझ्याकडे बघितलं. मी पत्र्याकडे.

एकदा आम्ही जेवत असताना पाल फोटोमागून उतरली, दबा धरून सरकली आणि भिंतीवरचं एक झुरळ तिनं मटकावलं. काकूंनी घास खाली ठेवला. चेहऱ्यावर केवढं कौतुक!

"भूक लई. पयल्यापासनं."

पालीच्या तोंडाबाहेर दोन मिशा अजून हलत होत्या. आत्मा नसतो हे मला तेव्हाही पक्कं ठाऊक होतं. तरी मी खाली मान घालून भाकरी मोडली आणि मनातल्या मनात काकांची माफी मागितली. ती पालीची मागितली की झुरळाची, ते मात्र अजून ठरलेलं नाही.