वहिनीच्या नावाचा मेसेज

आधी माफी मागतो. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. लिहायची सवय नाही, आणि असं काही लिहायचा मला हक्क आहे की नाही, तेही माहीत नाही. पण आज दुपारपासून पाय जमिनीवर नाहीत — आनंदानेच! — आणि जे आजवर कोणालाच सांगितलं नाही, ते सांगितल्याशिवाय राहवत नाहीये.

आमच्या दिघाशीत सरकारी योजना आली होती. बायकांना रिक्षा चालवायला शिकवणार, वर रिक्षा घ्यायला अनुदान देणार! ऑनलाइन फॉर्म मीच भरून देत होतो. जिच्याकडे फोन नाही, तिच्या फॉर्मवर माझा नंबर टाकायचो. गावात असंच चालतं. वहिनीच्या फॉर्मवरही माझाच टाकला. दादा कापडाच्या लूमवर, वहिनी गोदामात पॅकिंगला. दिवसभर उभं राहून तिचे पाय सुजायचे. फॉर्म भरताना मात्र काय हसत होती! "भाऊजी, पयल्या फेरीला तुमालाच बसवीन. फुकट न्हाय हां!"

आणि तिचं नाव लागलं. तुम्हाला वाटेल, मी धावत घरी गेलो असेन?

मेसेज आला तेव्हा मी भिवंडीत, कॉलेजबाहेरच्या चहाच्या टपरीवर होतो. मित्राने खांद्यावरून वाचला. "अबे, तेरी भाभी रिक्षा चलायेगी? फिर तो अपना स्टँड तक फ्री!" सगळे हसले. मीही हसलो — सगळ्यांत मोठ्याने. शुक्रवारपर्यंत कागदपत्रं घेऊन तालुक्याला हजर राहायचं होतं, नाहीतर नाव रद्द. आणि मी — कसं सांगू — मी तो मेसेज पुसून टाकला. शुक्रवार जाऊ दिला.

शनिवारी तिने विचारलं. मी म्हणालो, "न्हाय लागलं नाव." तिने पदराला हात पुसले. मग म्हणाली, "असू द्या. तुमी मेनत केली ना." आणि मला भाकर वाढली. मी ती खाल्ली. पोटभर खाल्ली. कसं जमलं मला?

त्याच महिन्यात कॉलेजात मी स्त्री-पुरुष समानतेवर भाषण केलं. टाळ्या पडल्या. त्या मला आवडल्या — आता खोटं कशाला बोलू?

दोन वर्षं रोज ठरवत होतो, आज सांगू. नाही सांगितलं. भीती वाटायची, एवढंच. वहिनीने मात्र पुन्हा एकही कागद माझ्यापुढे ठेवला नाही.

यंदापासून मी भिवंडीत होस्टेलवर राहतो. आज दुपारी दादाचा फोन. मागे लूमचा खडखडाट, त्यावरून तो ओरडत होता, "अरं, तुझ्या वयनीची रिक्षा आली! लायसन पन झालंय! अंगणवाडीच्या बाईंकडून फॉर्म भरला व्हता तिनं, औंदा!"

मी वर्गाबाहेर अक्षरशः उड्या मारल्या. मग विचारलं, "मला आधी का नाही सांगितलंस?"

दादा लूमपासून बाजूला गेला, खडखडाट कमी झाला.

"सगल्या गावाला ठाव हाय. पन ती म्हनाली व्हती, गाडी दारात लागंपर्यंत भाऊजीला कलू द्यायचं न्हाय."