ताक पाजलेलं टेनिस कोर्ट

कोर्टाच्या गेटपाशी गाडी लावली, काच खाली केली आणि ताकाचा वास आला. आधी वाटलं, पाहुण्यांसाठी मठ्ठा केला असेल. मग खाली उतरून आत गेलो. लाल कोर्टावर जागोजागी पिवळट, ओलसर पट्टे होते. वाकून चिमूटभर माती उचलली. हळद, तेल आणि आंबट ताक. मी तिथेच उकिडवा बसून राहिलो.

थोड्याच वेळात या कोर्टाचं उद्घाटन होतं. मांडव घातलेला होता, खुर्च्या लागल्या होत्या, हलगीवाले सावलीत बसून हलगी शेकत होते.

मी सिव्हिल इंजिनिअर. सरकारी नोकरीतून रिटायर झालो तेव्हा ठरवलं होतं, साताऱ्यात घरी बसायचं आणि पेपर वाचायचा. पण एका ओळखीच्याने माझ्याकडून शाळेचं बास्केटबॉल कोर्ट बांधून घेतलं, त्यातून दुसरं काम आलं, आणि आता या वयात मी उन्हात टेप धरून उभा असतो. बायको म्हणते, हौस आहे तुम्हाला. हौस कसली, नाही म्हणता येत नाही, एवढंच.

हे काम इस्लामपूरच्या बाजूच्या एका गावातलं. तिथल्या शिक्षण संस्थेचे चेअरमन दादासाहेब, मोठे ऊसबागायतदार. त्यांच्या मनाने टेनिस अकॅडमी काढायचं घेतलं, आणि अकॅडमीला कोच फ्रेंचच हवा असं ठरलं. कुणाच्या तरी ओळखीतून रेमी सापडला. प्रोफेशनल टेनिस खेळून रिटायर झालेला, चाळिशीतला माणूस. तुम्ही त्याचं नाव ऐकलेलं नसणार, मीही ऐकलेलं नव्हतं. टीव्हीवर दिसतात ते मूठभर. त्यांच्या खाली शेकडो खेळाडू दर आठवड्याला नव्या गावात जातात आणि क्वालिफायर खेळतात. क्वालिफायर म्हणजे मुख्य स्पर्धेत शिरण्यासाठी आधी खेळायच्या मॅचेस. बहुतेक जण तिथूनच बॅग उचलून परत फिरतात. रेमीचं सगळं करिअर यातच गेलं.

"एकदा एका नावाजलेल्या खेळाडूला हरवलं," त्याने मला सांगितलं होतं. "पेपरात फोटो आला. पुढच्या मॅचला मी हरलो, त्याचा फोटो आला नाही." आम्ही दोघंही मोडक्या इंग्रजीत बोलायचो, त्यामुळे आमचं छान जमायचं.

त्याच्या उजव्या गुडघ्याची दोन ऑपरेशनं झाली होती. तिसऱ्यांदा गुडघा गेला तर टेनिस राहू दे, जिना चढणंसुद्धा मुश्कील, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. म्हणून त्याची एकच अट होती. सिमेंटच्या हार्ड कोर्टवर शिकवणार नाही, क्ले कोर्ट पाहिजे. ते मी बांधलं. आज तो अकॅडमीतल्या एका मुलीबरोबर उद्घाटनाची मॅच खेळणार होता आणि कोर्ट पसंत पडलं तर कोच म्हणून थांबणार होता.

क्ले म्हणजे शेतातली माती नव्हे. खाली खडी, तिच्यावर कारखान्याच्या बॉयलरची जाड राख, आणि सगळ्यात वर भाजलेल्या विटेची चाळलेली भुकटी. हा वरचा थर बोटभरसुद्धा नसतो. त्यावर पाणी मारायचं, रोलर फिरवायचा, बास. भुकटीचे कण सुटे राहतात, त्यामुळे पळता पळता खेळाडूचा पाय घसरतो. हे घसरणं मुद्दाम असतं, त्यावरच त्यांचा सगळा खेळ. पण घसरणं सगळीकडे सारखं पाहिजे. एका जागी पाय सुळकन जाऊन पुढच्या जागी रुतला, तर अंग पुढे जातं आणि गुडघा मागे राहतो.

आता माझ्यासमोर नेमकं तसलंच कोर्ट होतं. तेलाच्या जागी निसरडं, ताकाच्या जागी चिकट.

तेवढ्यात बापू वस्ताद आले. गावच्या तालमीचे वस्ताद, सत्तरी ओलांडलेले, पण छाती अजून दारात मावणार नाही अशी. कोर्टाची राखण दादासाहेबांनी बापूंच्याच तालमीतल्या पोरांवर सोपवली होती.

"बापू, हे काय केलं?"

"माती मुरवली," बापू खुशीत म्हणाले. "आवं इंजिनिअर, लय कोरडी माती टाकली व्हती तुमी. नुसता भुगा. ताक घातलं, त्याल घातलं, हळद, लिंबू, तांबडी काव. पोरं पहाटंपातूर खपली."

"पण कशासाठी?"

"कशासाठी म्हंजी? पाव्हणा पडला तर अंगाला लागाय नगं. मुरलेल्या मातीत पडलेल्या गड्याला खरचटत सुदिक न्हाई."

आखाड्याची माती अशीच करतात, पिढ्यान् पिढ्या. या माणसाने आपल्या घरचं ताक आणून ओतलं होतं. राग यायला हवा होता, पण मला नुसतं रडायला आलं.

दादासाहेबांना मांडवामागे गाठलं आणि मॅच होऊ शकत नाही म्हणून सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला.

"तुम्ही त्यांना नीट सांगितलं नव्हतं का?"

"पाणी मारा, रोलर फिरवा, एवढं सांगितलं होतं. ताक ओतू नका हे सांगायला मला कसं सुचणार?"

"अहो, सगळा तालुका जमलाय. दहाच मिनिटं खेळू द्या. फोटो झाले की थांबवू. हळू खेळा म्हणावं."

"हळू खेळणं त्यांना येत नसतं, दादासाहेब. बॉल आला की पाय जातोच."

"इंजिनिअर," त्यांनी आवाज खाली आणला, "दुसऱ्या कोर्टाचं कामही तुमच्याच नावावर धरलंय मी. जरा समजून घ्या."

मी समजून घेतलं. एवढी वर्षं सरकारी खात्यात काढल्यावर हे समजायला वेळ लागत नाही. खरं सांगतो, क्षणभर वाटलं, जाऊ दे. वाळूची दोन घमेली टाकू, वरून रोलर फिरवू, दहा मिनिटांत काय होतंय? खात्यात असताना अशा 'काय होतंय' वर मी कितीदा मान डोलावली असेल, देव जाणे.

तेवढ्यात रेमी आला. पांढरे कपडे, उजव्या गुडघ्याला काळा पट्टा, खांद्यावर बॅग. हलगी वाजायला लागली. बायका ओवाळायला पुढे झाल्या. त्याने मान वाकवून कुंकू लावून घेतलं आणि नाक वर करून हवा हुंगली.

"व्हॉट इज धिस स्मेल?"

मी त्याला सगळं सांगितलं. ताक, तेल, हळद, आणि का घातलं तेही. तो लाइनीजवळ गेला, बुटाने माती दाबून पाहिली, बोटांनी चोळली. मग माझ्याकडे वळला.

"इज इट प्लेएबल?"

"येस, येस! प्लेएबल!" दादासाहेब मागून म्हणाले. "ओन्ली टेन मिनिट्स."

रेमीने त्यांच्याकडे पाहिलंच नाही. आपला गुडघा पहिल्यांदा कसा गेला, ते त्याने मला तिथे उभ्याउभ्याच सांगितलं. कुठल्याशा छोट्या गावातली स्पर्धा, नुकताच पाऊस पडून गेलेला, लोक तिकीट काढून बसलेले. कोर्ट सांभाळणारा माणूस लाइनीजवळची माती बुटाने उकरत होता. त्याला ठाऊक होतं. रेमीने त्याच्याकडे पाहिलं, तर त्याने नजर खाली घातली. मॅच सुरू झाली आणि तिसऱ्याच गेममध्ये पाय रुतला.

"तू कोर्ट बांधलंस," तो म्हणाला. "तू सांग."

मला भीती वाटली. लोकांची, दादासाहेबांची, आणि या माणसाचीही. त्याने निवाडा माझ्यावर सोडला होता. अशी वेळ आली की मी आयुष्यभर वरच्या साहेबाकडे बोट दाखवत आलो. इथे वर कोणी नव्हतं.

"नो," मी म्हणालो. "नॉट प्लेएबल."

हलगी थांबली. दादासाहेब खुर्चीत जाऊन बसले. बापूंना इंग्रजी कळत नव्हतं, पण माझी मान हललेली त्यांनी पाहिली होती.

"म्हंजी आमचं समदं वाया गेलं व्हय?" ते म्हणाले. एवढा मोठा माणूस, पण आवाज अगदी बारीक झाला होता.

ते काय म्हणतात, रेमीने विचारलं. मी सांगितलं. तो सरळ बापूंसमोर जाऊन उभा राहिला आणि त्यांचा हात हातात घेतला.

"विचार त्यांना, या मातीवर काय खेळतात?"

"कुस्ती!" बापू म्हणाले. "दुसरं काय?"

"मग आज तेच होऊ दे."

पुढचं मी कशाला वर्णन करू? नेट काढलं. ज्या पोरांनी रात्रभर माती मुरवली होती, तीच लंगोट कसून उतरली. मी मिलिमीटरमध्ये लेव्हल काढलेल्या कोर्टावर पैलवान एकमेकांना चितपट करत होते आणि प्रत्येक आपटीला मला खालच्या राखेचा थर दिसत होता. लोक मात्र बेहद्द खूश. टेनिस बघायला जमलेल्यांतल्या बहुतेकांना टेनिसमधलं ओ की ठो कळत नव्हतं. रेमी उजवा पाय लांब करून खुर्चीत बसला होता आणि बापू त्याला खाणाखुणांनी डाव समजावत होते. दादासाहेबांनाही फोटो मिळाले. मीच काय तो मांडवाच्या खांबाला टेकून उभा होतो.

नंतर वरचा थर सगळा खरवडून काढावा लागला. ती माती बापूंनी ट्रॉलीत भरून तालमीत नेली. म्हणाले, झकास जमलीय, टाकून कशाला देता? राखेपासून पुन्हा सगळं काम केलं. दुसऱ्या कोर्टाचं काम अर्थातच दुसऱ्याला गेलं. तो तरुण आहे आणि सगळ्याला 'होऊन जाईल साहेब' म्हणतो. मी म्हटलं, बरं झालं, सुटलो.

पण सुटलो कुठला? रेमी कोच म्हणून थांबला. पाऊस शिंतडला, पाण्याचा पाइप फुटला, किंवा नुसतं आभाळ आलं, की त्याचा फोन येतो. तिथे ग्राउंड्समन आहे, दादासाहेब आहेत, पण तो त्यांना विचारत नाही. मी येऊन बघितल्याशिवाय तो कोर्टावर पाऊल ठेवत नाही, शिकणाऱ्या पोरापोरींनाही ठेवू देत नाही. मग मी साताऱ्याहून गाडी काढतो, एवढा हायवे तुडवत जातो, लाइनीजवळची माती बुटाने दाबतो आणि हो किंवा नाही म्हणून परत येतो. आयुष्यात एकदाच धड 'नाही' म्हणालो, तर आता ते म्हणायला दर पावसाळ्यात जावं लागतं. बायको अजूनही म्हणते, हौस आहे तुम्हाला.