फर्माईश नसलेली दुपार

अडतीस वर्षं तिप्पण्णानं लोकांच्या वरातीत क्लॅरोनेट फुंकलं आणि एकदाही मनाचं काही वाजवलं नाही. वरमाईला एक गाणं हवं, नवरदेवाच्या मित्रांना दुसरं, आणि 'टाकून' आलेल्या मामांना तेच पुन्हा, जरा जोरात. मग डीजे आले आणि बँड मोडला. तिप्पण्णा अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलांच्या घड्या घालू लागला.

घड्या घालता घालता त्याला एकच शंका छळायची. आपल्यात आपलं असं काही आहे, की सगळा लोकांचाच माल भरलाय? बायकोला, पार्वतम्माला, त्यानं हे एकदा विचारलंही.

"दमलाय तुमी," ती म्हणाली. "झोपा."

कारखान्याच्या मालकाचा मुलगा पृथ्वीराज पुण्याहून शिकून आला तो गिटार आणि दाढी घेऊन. बंद पडलेल्या एका शेडमध्ये त्यानं तीन दुपारी मुक्त वादनाची ओळख करून द्यायचं ठरवलं. गावभर कागद चिकटवले. आली एकटी पायल नावाची मुलगी, व्हायोलिन घेऊन. तेव्हा त्याला घडीखात्यातला तिप्पण्णा आठवला.

"काय वाजवायचं, धाकटे मालक?"

"काहीही, काका. चाल नाही, ताल नाही, आधी काही ठरवायचंच नाही. एकमेकांचं ऐकायचं. वाटलं तर उत्तर द्यायचं, नाहीतर गप्प बसायचं."

"आन् चुकलं तर?"

"यात चूक नसतेच."

"आमच्या बँडमास्तरला म्हाईत न्हवतं हे. लई शिव्या खाल्ल्या उगाच."

पहिल्या दुपारी पृथ्वीराजनं गिटार मांडीवर आडवी घेतली आणि तारांत चमचा खुपसला. पायलनं गज असा घासला, की गंजलेलं दार बरं. तिप्पण्णानं दोन स्वर काढले. तिसरा आपसूक आला आणि चौथ्याला वरात निघाली. तो घाईनं वळला, तर हळदीत शिरला. तिथून निसटला, तर मुलीच्या पाठवणीत.

"काका, गाणं होतंय."

"मलाबी कळतंय की! बोटं ऐकत न्हाईत."

दुसऱ्या दुपारी शेजारच्या शेडमधले माग खडखडत होते. तिप्पण्णाच्या बोटांनी तोच ठेका धरला. घरी येऊन तो भिंतीला टेकला.

"माझ्यात काय न्हाय गं."

"मग नगा जाऊ."

"उद्या शेवटचं हाय. उद्या बघतो."

तिसऱ्या दुपारी पार्वतम्माही आली आणि टॉवेलांच्या गठ्ठ्यावर बसली. तिप्पण्णानं आज गाण्यांना अडवलंच नाही. येतील तशी येऊ दिली, अर्धी, मोडकी, एकात एक अडकलेली. हळूहळू ती संपत गेली. मग नुसता श्वास उरला आणि मधूनच एक चिरका स्वर. पायल त्याला उत्तर देत राहिली.

"सुरू कवा व्हायचं?" पार्वतम्मानं पृथ्वीराजला हळूच विचारलं.

"सुरूच आहे, मावशी."

"असं व्हय."

तास उलटला, तरी कुणी थांबेना. वडीलधारा माणूस वाजवतोय, त्याच्याआधी आपण कसं थांबायचं, म्हणून पायल आणि पृथ्वीराज वाजवत होते. आणि बँडमध्ये मास्तरनं हात खाली केल्याशिवाय थांबायची पद्धत नाही, म्हणून तिप्पण्णा वाजवत होता. पायलची मान अवघडली. पृथ्वीराजचा चमचा दोनदा फरशीवर पडला. तो आवाजही वादनातच धरला गेला. तिप्पण्णाचे ओठ बधिर झाले. मास्तरचा हात शोधत त्यानं मान वर केली. दोन घामेजलेले चेहरे त्याच्याकडेच बघत होते.

म्हणजे इथं हात खाली करणारा आपणच की.

स्वर अर्धा निघाला होता. त्यानं तो तिथंच सोडला आणि क्लॅरोनेट मांडीवर ठेवलं.

"काका, काय जागा निवडलीत!" पृथ्वीराज वही शोधू लागला. "नेमकं तिथंच का थांबलात?"

"दमलो."

पृथ्वीराज पेन धरून पुढचं ऐकायला थांबला. तिप्पण्णा ओठ चोळत बसला. अडतीस वर्षांत दमला तो रोजच होता. दमलो म्हणून थांबला मात्र आज. आपल्यातून निघालं ते एवढंच, त्याला वाटलं. पण आपलं निघालं.

"चला आता घरी," पार्वतम्मा उठली.

"बस गं जरा," तो म्हणाला. "मला बसायचंय."